नौपाड्यातलं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान: प्रबंध लिहिणाऱ्यांनी आवर्जून जावं असं

ठाणे, कळवा, ऐरोली या पट्ट्यात राहून कुणी पीएच.डी. करत असेल आणि लॅपटॉप ऐन वेळी बंद पडला, तर कुठे जावं हे मला आता ठामपणे सांगता येतं. नौपाड्यात, गोखले रोड आणि राम मारुती रोड यांच्या मधल्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन माणसांचं एक दुकान आहे. तिथे जावं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली: दोघंच आहोत, एकदम गर्दी झाली तर हातातल्या कामाची हेळसांड होते. त्या भागातल्या एखाद्या शिक्षकाला, वकिलाला किंवा डीटीपीवाल्याला विचारलंत तर तो जिना दाखवेल. पण पत्त्याइतकीच त्यांची कामाची पद्धत महत्त्वाची आहे, आणि ती पद्धत तुम्ही कुठल्याही दुकानात मागू शकता. म्हणून ती सविस्तर लिहिते.

आधी माझ्या कामाबद्दल, कारण त्याशिवाय हे दुकान मला एवढं का आवडलं ते कळणार नाही. मी कळव्यात राहते, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते आणि ठाणे खाडीकाठच्या कोळीवाड्यांवर प्रबंध लिहिते आहे. चेंदणी, विटावा, कळवा आणि पलीकडे ऐरोली, दिवा. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत ठाणे खाडीचं नाव आलं. पक्ष्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. त्याच पाण्यात पाग टाकणारे, त्याच चिखलात उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या पकडणाऱ्या बायका यांचं म्हणणंही नोंदलं जावं, यासाठी माझा प्रबंध आहे. त्याचा कणा म्हणजे मुलाखतींचं ध्वनिमुद्रण. खाडीत जिताडा कुठे लागायचा, भरतीच्या कुठल्या तिथीला कुठलं जाळं लावायचे, हे सांगणाऱ्या काही आज्या आता हयात नाहीत. त्यांच्याकडे पुन्हा जाऊन विचारता येणार नाही.

डिसेंबर २०२५ साठी माझ्या वहीत ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: चौथ्या प्रकरणाचा मसुदा ३१ तारखेपर्यंत मार्गदर्शक मॅडमकडे, संदर्भसूची पूर्ण, आणि जानेवारीतल्या प्री-सबमिशनच्या, म्हणजे प्रबंध दाखल करण्याआधीच्या, सादरीकरणाचा कच्चा आराखडा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) नियमानुसार पीएच.डी.साठी जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात, महिलांना त्यावर २ वर्षांची सवलत आहे. माझी नोंदणी २०२० ची. सवलत हाताशी आहे याचा धीर वाटतो, तरी ती वापरायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं. तासिका तत्त्वावर जितके तास घ्याल तितकाच मोबदला असतो, सुट्टीत उत्पन्न नसतं, आणि प्रबंध लिहायला सलग वेळ मिळतो तो सुट्टीतच. त्यामुळे नाताळची सुट्टी माझ्यासाठी वर्षातली सगळ्यात मोलाची.

नेमका त्याच्या तोंडावर लॅपटॉप गेला. यंत्र २०२० चं, आत १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क. आधी फाइल उघडायला फार वेळ लागू लागला, मग आतून बारीक टकटक ऐकू येऊ लागली, मग निळा पडदा, आणि शेवटी डिस्कच सापडत नाही असा संदेश. प्रकरणांचे मसुदे गूगल ड्राइव्हवर सुरक्षित होते. मुलाखती तिथे मावणाऱ्या नव्हत्या, कारण फुकट मिळणारी जागा १५ जीबी आणि तीही मेल, फोटो, ड्राइव्ह सगळं मिळून. जुन्या मुलाखती पेन ड्राइव्हवर होत्या. पावसाळ्यानंतर घेतलेल्या मुलाखती, त्यांची टिपणं आणि झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधला सगळा संग्रह मात्र त्या टकटकणाऱ्या डिस्कवर.

मी आधी कंपनीच्या सेवा केंद्रात गेले. तिथल्या मुलाने नीट बोलून सांगितलं की डिस्क बदलून देऊ, पण आतल्या माहितीची जबाबदारी घेता येत नाही, आणि तसं लिहिलेल्या फॉर्मवर सही मागितली. त्यांचं काम यंत्र चालू करून देण्याचं आहे, हे मला मान्य आहे. पण माझी गरज उलटी होती. यंत्र नाही मिळालं तरी चाललं असतं, कॉलेजच्या ग्रंथालयातला संगणक वापरला असता. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी मग नौपाड्याच्या या दुकानाचा रस्ता सांगितला.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून सॅटिसच्या पुलाखालून गोखले रोडला लागलं की पायी पोचता येतं. जिना अरुंद आहे, दिवा मिणमिणता. वर एक काउंटर, मागे दोन टेबलं, भिंतीला खोक्यांच्या रांगा, प्रत्येक खोक्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख. मालक पन्नाशीचे, सगळे त्यांना काका म्हणतात. हाताखाली एक तरुण मुलगी आहे, उंच रचलेल्या स्क्रूच्या डब्यांच्या मागे बसलेली, आणि प्रत्यक्ष काम बहुतेक तीच करते. मी लॅपटॉप काढून बटण दाबायला गेले तर काकांनी हात आडवा केला.

“सुरू करू नका, ताई. बिघाड मी बघतो. आधी मला सांगा, आत असं काय आहे जे परत मिळणार नाही?”

इतक्या ठिकाणी लॅपटॉप, फोन, प्रिंटर दुरुस्तीला दिले, हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. त्यांनी एक कोरा कागद पुढे केला आणि फोल्डरांची नावं महत्त्वाच्या क्रमाने लिहायला सांगितली. वरून पहिलं नाव लिहिलं ते मुलाखतींचं. लिहिता लिहिता माझी धडधड कमी झाली, कारण नेमकं काय पणाला लागलंय आणि काय आधीच सुरक्षित आहे हे माझ्याच समोर स्पष्ट झालं.

सुरू का करायचं नाही, हेही त्यांनी समजावलं. फिरणाऱ्या डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीच्या अगदी जवळून तरंगतं. टकटक येते तेव्हा ते जागा शोधायला धडपडत असतं, आणि प्रत्येक वेळी यंत्र चालू केलं की उरलेला पृष्ठभाग खरवडला जाण्याचा धोका वाढतो. विंडोज स्वतःहून डिस्क दुरुस्त करायचा पर्याय देतं, तोही अशा मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर वापरू नये, कारण तो सगळ्या डिस्कवर फिरतो आणि वरून लिहितोही. आधी प्रत, मग दुरुस्ती, हा त्यांचा क्रम ठरलेला आहे. आणि त्यांनी हेही आधीच सांगून टाकलं की हेड पूर्ण गेलं असेल तर आम्ही डिस्क उघडणार नाही. त्याला धूळमुक्त खोली असलेली प्रयोगशाळा लागते, तिचा खर्च बराच मोठा असतो आणि तिथे पाठवायचं की नाही हे तुम्ही ठरवा. काम मिळवण्यासाठी आशा लावून ठेवणारा माणूस हे पहिल्याच भेटीत बोलत नाही.

डिस्क काढून त्या मुलीने ती वेगळ्या संगणकाला जोडली. तो विंडोजऐवजी लिनक्सवर चालतो. डीडीरेस्क्यू नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम त्यांनी लावला. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवून अवघडांकडे मग वळावं, तसा तो डिस्कचा सहज वाचता येणारा भाग आधी उचलून घेतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो, आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा एका फाइलमध्ये ठेवतो. मग त्या अडलेल्या जागांकडे पुन्हा पुन्हा वळतो. मध्येच वीज गेली तरी नकाशामुळे पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. साधी कॉपी-पेस्ट केली तर एका खराब फाइलपाशी अडकून बसते आणि तेवढ्या वेळात डिस्क आणखी थकते. पडद्यावर किती वाचलं आणि किती राहिलं याचे आकडे हलत होते. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिले, तेव्हा ती म्हणाली, “ताई, हे रात्रभर चालणार. तुम्ही जा, लिहा.”

मी खरंच गेले. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, जे १८९३ पासून चालू आहे, तिथे बसून चौथ्या प्रकरणाचा उरलेला भाग हाताने कागदावर उतरवला.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी विचारलेल्या दोन गोष्टींनी मी या दुकानाची झाले.

पहिली: “मराठीत लिहिता ना? मग फॉण्टही घेऊन ठेवतो.” माझ्या बऱ्याच मुलाखतींचं शब्दांकन कळव्यातल्या एका डीटीपीवाल्या काकूंनी जुन्या फॉण्टात टाइप करून दिलं आहे. ज्यांनी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉण्टात काम केलंय त्यांना पुढचं लगेच कळेल. त्या फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात, वरचा फॉण्ट त्यांना देवनागरीचा आकार देतो. फॉण्ट गेला की फाइल शाबूत असूनही पडद्यावर अर्थहीन अक्षरं दिसतात. लॅपटॉप फॉरमॅट करून देणाऱ्या बहुतेकांच्या हे ध्यानात येत नाही, आणि ज्याच्या फाइल आहेत तो समजतो की फाइलच बिघडली. यांना मात्र नेमकं माहीत होतं की विंडोजच्या फॉण्ट फोल्डरबरोबरच आणखी एक जागा तपासावी लागते. विंडोज १० च्याच नंतरच्या आवृत्त्यांपासून एकाच वापरकर्त्यासाठी टाकलेले फॉण्ट त्याच्या खात्याच्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरात जातात. त्या डीटीपीवाल्या काकूंनी वापरलेले दोन्ही फॉण्ट माझ्या डिस्कवर तिथेच निघाले.

काकांनी यावर एक आग्रहाचा सल्लाही दिला, तो मी सगळ्या मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांपर्यंत पोचवते: जुन्या फॉण्टातलं सगळं आताच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर देवनागरी म्हणूनच वाचता येणाऱ्या संकेतांत, आणा. प्रबंध सादर करताना तो इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याची साम्य तपासणी होते, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, आणि तपासणीच्या सॉफ्टवेअरला जुन्या फॉण्टातला मजकूर वाचताच येत नाही. पुढे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो, तिथेही तो शोधता आला पाहिजे. रूपांतर करणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, पण पहिली वेलांटी आणि रफार यांत ते चुकतात, कारण जुन्या फॉण्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते. म्हणून रूपांतरानंतर प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं, आणि मूळ फाइलची पीडीएफ शेजारी उघडी ठेवावी लागते. मी आता रोज थोडं थोडं करते आहे. “निवट्या” चा “ि” जागेवर आला की बरं वाटतं.

दुसरी गोष्ट: “संदर्भ कुठे ठेवता?” मी झोटेरो म्हटलं. बहुतेक दुकानांत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो एवढं कॉपी करून “सगळा डेटा घेतला” असं सांगतात. झोटेरोचा संग्रह यांपैकी कशातच नसतो. तो वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरात झोटेरो याच नावाच्या वेगळ्या फोल्डरात असतो, त्यात नोंदींची एक डेटाबेस फाइल आणि पीडीएफांचं स्टोरेज फोल्डर असतं. ते सुटलं की वर्षानुवर्षं गोळा केलेले लेख, त्यांवरची टिपणं, सगळं गेलं. झोटेरोच्या सर्व्हरवर नोंदी जुळवून ठेवता येतात, पण जोडलेल्या फाइलसाठी फुकट जागा ३०० एमबीच आहे, आणि जुनी गॅझेटियरं स्कॅन करून ठेवली की ती केव्हाच संपते. त्या मुलीने फोल्डर काढलं, मला झोटेरो दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवलं, आणि सगळी नावं ओळीने दिसली तेव्हा संदर्भसूचीचं काम वेळेत होणार याची मला खात्री पटली.

आता ज्या गोष्टीसाठी मी या दुकानाला सगळ्यात जास्त मानते, ती सांगते. माझ्या मुलाखती गोपनीय आहेत. बोलणाऱ्यांनी संमतीपत्रावर सही करताना माझ्यावर विश्वास टाकला आहे. त्यांत घरातली भांडणं आहेत, जमिनीचे वाद आहेत, कुणाकुणाची नावं आहेत. परक्या माणसाच्या हाती हे सगळं देताना मला फार अवघड वाटत होतं. मी तसं बोलून दाखवलं. काकांनी लगेच सांगितलं की तुमचा पासवर्ड आम्हाला नको, प्रत काढायला तो लागत नाही. फाइल तपासताना तुम्ही समोर बसा. तुम्ही सांगाल तेवढ्याच उघडू. आणि तुमच्या एक्स्टर्नल डिस्कवर सगळं नीट पोचलं की आमच्याकडची प्रत एक आठवडा ठेवतो, मग तुमच्यासमोर पुसतो. आठवड्याने मला फोन आला, मी गेले आणि त्यांनी ती माझ्या डोळ्यांदेखत पुसली. लॅपटॉप दुरुस्तीला देताना कितीतरी बायकांच्या, विद्यार्थिनींच्या मनात ही धास्ती असते आणि ती बोलून दाखवायला संकोच वाटतो. कृपया बोलून दाखवा. जो दुकानदार त्यावर चिडेल त्याच्याकडे लॅपटॉप ठेवू नका.

तपासणीही नुसती यादी बघून झाली नाही. “कॉपी झाली म्हणजे उघडते असं नाही,” म्हणत त्या मुलीने माझ्या सांगण्यावरून प्रत्येक फोल्डरातली एकेक फाइल उघडली. ध्वनिमुद्रण हेडफोनवर मला ऐकायला दिलं, स्वतः ऐकलं नाही. विटाव्याच्या आजींचा आवाज आला, त्यांच्या मागे कोंबड्यांचा आवाज, आणि माझा प्रश्न. तिथे काउंटरपाशी माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला काही वाटत नाही.

सगळं मिळालं असं मात्र नाही. दोन ध्वनिफितींचे शेवट तुटले आहेत आणि काही छायाचित्रं अर्धीच उघडतात. हे मला शोधावं लागलं नाही. नकाशातल्या खराब जागांवरून कुठल्या फाइल दुखावल्या आहेत त्यांची यादी काढून त्यांनी ती छापून दिली. बिलाबरोबर नुकसानीचा कागद देणारं दुकान मी पहिल्यांदा पाहिलं. त्या यादीमुळे मला लगेच ठरवता आलं की कुठल्या मुलाखतीसाठी हाताने लिहिलेल्या टिपणांवर भिस्त ठेवायची आणि तळटीपेत तसं नोंदवायचं.

यंत्राबद्दल थोडक्यात. जुन्या डिस्कच्या जागी ५०० जीबीची सॅटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, बसवली. मी १ टीबीची मागत होते, काका म्हणाले पैसे वाचवा, चालू काम लॅपटॉपवर आणि ध्वनिमुद्रण दोन वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कांवर ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरी. ती आता माझ्या आईकडे डोंबिवलीला आहे. लॅपटॉप सुरू व्हायला पूर्वी चहा होईपर्यंत वेळ लागायचा, आता लगेच होतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यांनी विंडोज ११ टाकलं. माझा प्रोसेसर त्यात बसत होता आणि मूळ परवाना यंत्राच्या बोर्डाशी बांधलेला असल्याने नवा विकत घ्यावा लागला नाही. चोरीचं विंडोज किंवा ऑफिस ते टाकत नाहीत, कुणी मागितलं तर सरळ नाही म्हणतात.

विंडोज ११ घेणाऱ्यांनी एक नीट ध्यानात ठेवा. मी तिथे असताना एक इंजिनिअरिंगचा मुलगा रडवेला होऊन आला होता. त्याच्या नव्या लॅपटॉपचा बोर्ड बदलला होता आणि पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागत होता. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नव्या लॅपटॉपवर लॉग-इन केलं की अनेकदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. काकांनी त्याला फोनवरून खातं उघडायला लावलं, किल्ली मिळाली, प्रोजेक्ट वाचला. त्यासाठी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. माझा लॅपटॉप देताना त्यांनी माझी किल्ली मलाच उघडून दाखवली आणि कागदावर छापून प्रबंधाच्या फाइलमध्ये ठेवायला सांगितली. खातंच आठवत नसेल तर कुठलंही दुकान काही करू शकत नाही, कारण ते कुलूप खरोखरच पक्कं असतं.

पैशांचं सांगायचं तर तपासणीचे ३०० रुपये, काम दिलं तर बिलातून वजा. माहिती काढण्याचे २,५००, एसएसडी ३,८०० आणि ती बसवून विंडोज टाकण्याचे ७००. मला हे रास्त वाटलं. माहिती मिळाली नाही तर त्या कामाचे पैसे घेत नाहीत, हे आधीच ठरलं होतं. माझ्यासारख्या तासावर कमावणाऱ्याला ७,००० ही मोठी रक्कम आहे, आणि त्यांनी न मागता दोन हप्त्यांत द्या म्हटलं. बिल पक्कं मिळतं, एसएसडीच्या वॉरंटीचा कागदही.

उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. “उद्या संध्याकाळी देतो” चा उद्या पुढे सरकला, आणि तसं सांगणारा फोन त्यांनी आपणहून केला नाही, मलाच करावा लागला. ज्याच्यासमोर तारीख आहे त्याच्यासाठी हे त्रासाचं आहे. बसायला जागा नाही, जिना चढू न शकणाऱ्यांसाठी सोय नाही, गाडी लावायला नौपाड्यात जागा शोधत फिरावं लागतं. चिप पातळीवरचं बोर्डाचं काम ते स्वतः करत नाहीत, ते मुंबईला लॅमिंग्टन रोडला पाठवतात. हे लपवत नाहीत, पण त्यात दिवस जातात. आणि ज्यांना यंत्र लगेच हातात हवं आहे, आत जपण्यासारखं काही नाही, त्यांना ही सगळी सावकाशी नकोशी वाटेल. त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं.

त्या मुलीबद्दल एक गोष्ट राहिली. ती डिप्लोमा करून इथे लागली आणि बाहेरून पदवी करते आहे. माझा विषय कळल्यावर तिने विचारलं, “ताई, हे सगळं बोललेलं तुम्ही पुस्तकात तसंच्या तसं घालणार की तुमच्या भाषेत?” माझ्या चौथ्या प्रकरणाचा नेमका हाच प्रश्न आहे. मी तिला सांगितलं की शक्य तिथे त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं. ती म्हणाली, मग आवाज वाचवणं बरोबरच होतं. प्रकरण ३१ तारखेला मॅडमना पाठवलं. त्यात ऋणनिर्देशाची जागा नसते, पण प्रबंधाच्या सुरुवातीला असते, आणि तिथे या दोघांचा उल्लेख मी करणार आहे.

दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं, रविवारी पूर्ण बंद. सकाळी अकराला गेलात तर काका निवांत बोलतात. जाताना चार्जर न्या, आतल्या माहितीहून मोठी रिकामी एक्स्टर्नल डिस्क न्या, मराठीत काम असेल तर कुठले फॉण्ट वापरता ते कागदावर लिहून न्या. आणि टकटक ऐकू आली असेल तर वाटेत “एकदा बघू सुरू होतो का” असं मुळीच करू नका.